अटकेत परदेशी पक्षकार : कोल्हापुरात नव्याने वकिली करणाऱ्यांसाठी

‘परदेशी माणसाला कसले हक्क?’ हे बार रूममध्येही ऐकू येतं. संविधानातलं कलम १९ (भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्यं) नागरिकांपुरतं आहे, हे खरं. पण २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत.

फोन आला की आधी गुन्हा विचारू नका, वेळ विचारा. नक्की कधी ताब्यात घेतलं? प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. ‘नुसतं चौकशीला बसवलंय’ म्हणत अटकेची नोंद उशिराची पडली, तर हा हिशेबच बिघडतो. मग पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, द्या.

अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत हवीत. नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, आधी तोंडी सांगितली असली तरी लेखी प्रत रिमांडच्या किमान दोन तास आधी मिळायला हवी. मराठी कागदाखाली अरबी बोलणाऱ्याची सही दिसली, तर दुभाषा कोण होता हे तिथंच विचारा.

दूतावासाला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ मधला. तो हक्क अटकेतल्या माणसाचा आहे, वकिलाचा नाही. स्वतःच्याच सरकारच्या भीतीने पळून आलेल्याच्या दूतावासाला परस्पर मेल टाकलात, तर त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. आधी लेखी संमती घ्या.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशनचा नवा कायदा लागू आहे. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा, वैध कागदांविना शिरल्यास पाच. त्यामुळे एफआयआरमधलं कलम नीट वाचा. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भारही संशयितावरच असतो. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एखाद्या बंगाली कारागिराला संशयावरून उचललं, तर गावाकडून आईवडिलांचे मतदारयादीतले उतारे आणि जन्मनोंद मागवा, तीही प्रमाणित. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर भागत नाही.

जामिनाला स्थानिक जामीनदार मिळत नाही, म्हणून रोख जामीन मागा. पक्षकार देश सोडणार नाही असं दूतावासाचं हमीपत्र आणण्याची अट घातली आणि ते सात दिवसांत आलं नाही, तर ती अट वगळता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय. फीचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

जामीन झाला म्हणजे सुटला, असं समजू नका. जामिनाचा आदेश परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो आणि कळंबा कारागृहाच्या दारातूनच पुन्हा ताबा घेतला जाऊ शकतो. त्यासाठी लेखी आदेश मागा. तो नसेल तर हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोठडीतून सोडवण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज. आता मुंबई गाठायला नको, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच आहे.