ऑपरेशनची तारीख घेण्याआधी: किडनीच्या नळीचा कॅन्सर आणि केमोची तयारी

अण्णांच्या लघवीतून रक्त गेलं ते एकदाच. दुखलंखुपलं काही नाही. सोनोग्राफीत डावी किडनी जराशी फुगलेली दिसली, सीटी युरोग्राफीत तिच्या पेल्विसमध्ये, म्हणजे लघवी गोळा होते त्या पिशवीत, गाठ. सर्जन म्हणाले, किडनी आणि खालची मूत्रवाहिनी पार मूत्राशयापर्यंत काढावी लागेल. पुढच्या मंगळवारी जागा आहे. आम्ही मान डोलावणारच होतो. म्हणून या यादीत सगळ्यात वर हे लिहिते: मंगळवारला हो म्हणण्याआधी मेडिकल ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे केमोच्या डॉक्टरांना, भेटून या. या कॅन्सरवरचं मुख्य औषध सिस्प्लॅटिन. ते किडनीवाटेच बाहेर पडतं आणि जाताजाता तिलाच दुखावतं. दोन किडन्या असताना जे झेपतं, ते एकीवर झेपेलच असं नाही.

भेटीला जाताना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा नुसता पाहू नका; किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते याचा हिशेब मांडून न्या. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. अण्णांचं वय ६८, म्हणजे वर उरले ७२ आणि ते खालच्या ७२ शी कटले. राहिलं वजन भागिले क्रिएटिनिन. वजन ६० किलो. क्रिएटिनिन १.० असेल तर उत्तर ६०, १.२ असेल तर ५०. १.२ ला लॅबवाले ठळक अक्षरांतसुद्धा छापत नाहीत, पण सिस्प्लॅटिनचा नेहमीचा उंबरठा ६० चा आहे. मात्रा विभागून काही ठिकाणी ५० पर्यंत देतात, त्याखाली सहसा नाही.

हा झाला अंदाज. खरं माप हवं तर डीटीपीए स्कॅन, म्हणजे किडनीचं काम मोजणारी तपासणी, मागा, कारण त्यात डावी किती काम करते आणि उजवी किती हे वेगवेगळं कळतं. गाठीने वाट अडवून एखादी किडनी आधीच निकामी झालेली असेल, तर ती काढल्याने फारसं बिघडत नाही. अण्णांची डावी मात्र ४० टक्के भार उचलत होती. ती गेली की सिस्प्लॅटिनचा रस्ता बंद, हे कागदावरच दिसलं. म्हणून आधी केमो ठरली.

उलट बाजूही विचारून घ्या. बायोप्सीसाठी दुर्बिणीतून मिळतो तो तुकडा कणाएवढा, त्यावरून गाठ भिंतीत किती खोल गेली ते नक्की सांगता येत नाही. तेव्हा आधी केमो म्हणजे कधीकधी गरज नसलेल्याला केमो. ऑपरेशन आधी झालं तर काढलेल्या अवयवाचा पूर्ण रिपोर्ट हातात येतो. आधी केमो देण्याचा पुरावा छोट्या अभ्यासांचा आहे. नंतर देण्याचा पुरावा जास्त भक्कम: ब्रिटनमधली पाउट नावाची चाचणी, २६१ रुग्ण, २०२० मध्ये छापून आलेली. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत चार सायकल, म्हणजे चार फेऱ्यांची, केमो सुरू केलेल्यांपैकी ७१ टक्के लोक तीन वर्षांनी आजार न उलटता होते. नुसत्या देखरेखीवरच्यांत ४६ टक्के. ज्यांची किडनी कमी पडत होती त्यांना सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन दिलं होतं. तुमचं ऑपरेशन झालेलंच असेल तर हे ९० दिवस मोजायला लागा. रिपोर्टात पीटी२ (गाठ भिंतीच्या स्नायूत शिरलेली) किंवा पुढचा टप्पा, नाहीतर लिम्फ नोडमध्ये आजार दिसला, तर टाके सुकायची वाट न पाहता केमोच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

कागदांची पिशवी एकच ठेवा. सीटीचा रिपोर्टच नव्हे, सीडीसुद्धा. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही. दुसरं मत घ्यायला गेलं की ब्लॉकच मागतात. फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे आधी जा, मंजुरी येईपर्यंत दिवस जातात. गावाहून येणार असाल तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म पहिल्याच भेटीत भरून घ्या.

पहिल्या सायकलआधी कानांची तपासणी करून घ्या, कारण सिस्प्लॅटिनने उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि आधीचं माप नसेल तर काय गेलं ते कळत नाही. हिपॅटायटिस बीची तपासणी, दातांतली कीड, हेही तेव्हाच. ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी तो विषय स्वतः काढावा.

आता आमची चूक. पहिल्या सायकलनंतर अण्णांचा गुडघा धरला. आईने नेहमीची दुखण्याची गोळी दिली, डायक्लोफिनॅक, चार दिवस. ही गोळी किडनीलाही दुखावते. दुसऱ्या सायकलच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४. ६० चे ४३ झाले आणि सायकल दहा दिवस पुढे गेली. त्या संध्याकाळी घरातला गोळ्यांचा डबा टेबलावर पालथा केला. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नाव पुसलेली एक पट्टी, सगळं बाहेर. काढे आणि चूर्णंही बंद करा, निदान डॉक्टरांना दाखवा. ईश्वरमूळ तर घरातही नको. त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने किडनी खराब होते आणि नेमका हाच कॅन्सर होतो.

सिस्प्लॅटिनच्या दिवशी सकाळी गेलं की संध्याकाळ होते, कारण औषधाच्या आधी आणि नंतर सलाईन चालतं. लघवी मोजायला खुणा असलेलं भांडं न्या. आठव्या दिवशी नुसतं जेमसिटाबीन, म्हणजे सिस्प्लॅटिनच्या जोडीचं दुसरं औषध, ते लवकर आटपतं. उलटीच्या गोळ्या उलटी नसली तरी द्यायच्या, दुसरा ते चौथा दिवस जास्त वाईट. बद्धकोष्ठासाठी इसबगोल. डायबेटिस असेल तर ग्लुकोमीटर, कारण सोबतच्या स्टेरॉइडने साखर चढते. आणि उचक्या लागतात, तासन्‌तास. आई म्हणायची, कोण एवढी आठवण काढतंय. त्यावरही गोळी मिळते, सोसत बसू नका.

घरी थर्मामीटर चालतो का ते आजच बघा. १००.४ फॅरनहाइट दिसलं की क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. कुठल्या दारातून आत जायचं, कोणाला फोन करायचा, हे आधीच विचारून फ्रिजवर चिकटवा.

ऑपरेशनसाठी भरती होताना सर्जनना एवढं विचारा: नंतर मूत्राशयात मायटोमायसिन या केमोच्या औषधाचा एक डोस सोडणार का? त्याने मूत्राशयात नवी गाठ उगवण्याची शक्यता कमी होते. तरी ती शक्यता राहतेच, म्हणून दुर्बिणीची पहिली तपासणी तीन महिन्यांनी. ती तारीख आम्ही कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिली, अण्णांच्याच अक्षरात.