रोल बिघडू द्या, पण कारण कळू द्या : फिल्म फोटोग्राफीत या चुका टाळा

फिल्मवर नव्याने फोटो काढू लागलेल्या मंडळींकडून एक वाक्य हल्ली सारखं ऐकू येतं : "अरे, फिल्म आहे, असंच येणार." रोल कोरा आला, असंच येणार. सगळे चेहरे काळपट आले, तरी असंच येणार.

ग्रेन, थोडी हललेली फ्रेम, कडेने शिरलेला नारिंगी उजेड, एकावर एक पडलेली दोन दृश्यं, या सगळ्यासाठीच तर माणूस आजच्या भावात ३६ फोटोंचा रोल घेतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण बिघाड कशाने झाला हेच ठाऊक नसेल तर हवा तेव्हा तो पुन्हा आणता येत नाही, आणि नको तेव्हा टाळताही येत नाही. त्याला प्रयोग कसं म्हणायचं?

निगेटिव्ह न बघता निकाल लावणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती कॅमेऱ्याबाहेर होते. लॅबवाला स्कॅनची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवतो, आपण फोटो उतरवून घेतो आणि निगेटिव्ह दुकानातच पडून राहतात. काही ठिकाणी महिना-दोन महिन्यांनी त्या टाकूनही देतात. वास्तविक रोलची अर्धी कहाणी त्या पट्टीच्या कडेला छापलेली असते.

"काका, रोल कोराच आला."
"कडेचे आकडे दिसतायत का?"

काउंटरवरचा जुना माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बरोबर विचारतो. फिल्मच्या कडेवरचं कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. रोल धुतला की ते दिसू लागतात. निगेटिव्ह खिडकीशी धरा. आकडे ठळक आहेत पण फ्रेम कोऱ्या, म्हणजे रोल नीट धुतला गेलाय, फिल्मवर उजेडच पडलेला नाही. बहुतेकदा फिल्मचं टोक ती गुंडाळून घेणाऱ्या स्पूलमध्ये अडकलेलंच नसतं. पुढच्या वेळी रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरतेय का ते बघा. ती फिरत नसेल तर फिल्म जागची हललेली नाही. खुंटी फिरत असूनही फ्रेम कोऱ्या आल्या तर शटर उघडतंय का ते तपासा. रेंजफाइंडर कॅमेरा असेल तर लेन्सवर झाकण तसंच राहिलं होतं का, तेही आठवून बघा, कारण त्यात लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघतात आणि झाकण लावलेलं असलं तरी डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतं.

आकडेसुद्धा नाहीत आणि पट्टी पूर्ण पारदर्शक, तर गडबड धुण्यात झाली. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मेलेला होता किंवा फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आधी पडला. कडेपासून कडेपर्यंत सगळं काळंकुट्ट असेल तर फिल्म उजेडात उघडी पडली.

मध्येच चुकून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं तर घाबरून रोल टाकून देऊ नका. लगेच बंद करा. डब्यात उरलेली फिल्म सुरक्षित असते, आणि गुंडाळल्या गेलेल्या भागात वरचे एक-दोन वेढे जळतात, आतल्या फ्रेम बऱ्याचदा वाचतात. त्या अर्ध्या जळलेल्या फ्रेम काही वेळा रोलमधल्या सर्वांत देखण्या निघतात.

चोर बाजारातला कॅमेरा थेट कामाला लावणं

मटन स्ट्रीटवर घेतलेला असो की फोर्टातल्या सेकंडहँड दुकानातला, जुना कॅमेरा आधी उघडून बघावा. मागच्या झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो. मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो, बोटाला लागतो, आणि त्याचा तुकडा शटरच्या पडद्यावर गेला तर काम वाढतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या काड्या आणि संयम एवढं पुरतं. खाच कोरडी झाली की काळी लोकर किंवा फोमची नवी पट्टी बसवायची.

उजेड कुठून शिरतो तेही निगेटिव्हच सांगते. डाग फ्रेमबाहेर फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत पसरला असेल तर गळती मागच्या झाकणाची. फक्त फ्रेमच्या आत असेल तर संशय शटरवर. रंगीत फिल्मवर झाकणाकडून आलेली गळती लाल-नारिंगी दिसते, कारण लाल उजेड टिपणारा थर सर्वांत मागे असतो आणि पाठीकडून आलेला प्रकाश आधी त्यालाच गाठतो. ती छटा आवडली असेल तर फोम नवा बसवा, आणि हवी तेव्हा दोन-चार फ्रेमसाठी झाकण उन्हात किंचित किलकिलं करा. सगळा रोल नशिबावर सोडण्यापेक्षा हे बरं.

उजेड मोजणाऱ्या मीटरची बॅटरी हा दुसरा छुपा घोळ. साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल आता बंद झाले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळे येतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ च्या आसपास देतो, तो चालतो. खात्रीसाठी मोबाइलवरच्या लाइट मीटर ॲपशी ताडून बघा.

कमी उजेडाला 'व्हिंटेज' म्हणणं

इथे माझं मत जरा कडक आहे. मातकट सावल्या आणि त्यांत हिरवट ग्रेन म्हणजे व्हिंटेज नव्हे, ते अंडरएक्स्पोजर आहे. घरातला १९८० च्या दशकातला लग्नाचा अल्बम काढून बघा. रंग उडाले आहेत ते प्रिंटमधले. निगेटिव्ह मिळाली तर ती दाट, भरपूर उजेड मिळालेली निघेल. तेव्हाचे फोटोग्राफर काका नवरानवरीला उजेडात उभं करायचे आणि फ्लॅश मारायचे.

रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सहज पचवते, कमी मात्र तिला सोसत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा एक स्टॉप जास्त द्या. मरीन ड्राइव्हवर समुद्र आणि आभाळ फ्रेममध्ये घेऊन मीटर बघितला की माणूस काळा येणारच. कॅमेरा खाली वळवून त्याच उजेडातल्या करड्या टेट्रापॉडवर मीटर घ्या, मग फ्रेम लावा. तुम्हाला काळी आकृतीच हवी असेल तर आभाळावर मीटर घ्या. तो तुमचा निर्णय झाला. रात्री तिथले दिवे टिपायचे तर आणखी एक भानगड आहे : लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० द्यावे लागतात.

एकाच रोलवर सगळे प्रयोग

माळ्यावर सापडलेला जुना रोल, त्यावर डबल एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर दोन दृश्यं), वर पुश (कमी उजेडात काढून जास्त वेळ धुणं), आणि नंतर लिंबूपाण्यात भिजवणं. जे काही येईल ते कशामुळे आलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. एका रोलवर एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

मुदत संपलेल्या रंगीत रोलला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, असा ढोबळ हिशोब आहे. मुंबईच्या उन्हाळ्यात माळ्यावर राहिलेला रोल त्यालाही जुमानत नाही, म्हणून तो बारशाला नेऊ नका. अर्धा रोल ४०० आयएसओवर (फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता) आणि अर्धा १६०० वर काढायचा मोहही टाळा, कारण धुताना सगळ्या फ्रेमना वेळ एकच मिळतो.

डबल एक्स्पोजर मात्र अवश्य करा. दुसरं दृश्य पहिल्याच्या काळ्या भागात उमटतं, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. पावसाळी आभाळासमोर एखाद्याची काळी आकृती घ्या, मग त्याच फ्रेमवर दादरच्या फुलमार्केटातले झेंडूचे ढीग : फुलं त्या आकृतीतच भरतात. दोन्ही दृश्यं साधी, सारख्या उजेडाची असतील तर प्रत्येकाला एक स्टॉप कमी द्या. पेंटॅक्स के१००० मध्ये यासाठी वेगळा खटका नाही. रिवाइंडच्या खुंटीने फिल्म ताणून धरायची, खालचं बटण दाबायचं आणि लिव्हर ओढायचा. शटर चढतं, फिल्म जागीच राहते. थोडी सरकते म्हणून पुढची एक फ्रेम झाकण लावून रिकामी सोडा.

लिंबू, चहा, साबण असलं काही रोलला पाजलं असेल तर लॅबला आधी सांगा. त्या रसायनात इतरांच्या लग्नाचे रोलही धुतले जातात. बऱ्याच लॅब नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

मुंबईची हवा विसरणं

घरी ब्लॅक अँड व्हाइट धुताना वेळेचे तक्ते २० अंशांचे असतात. मे महिन्यात गच्चीच्या टाकीचं पाणी तिशीच्या घरात जातं. एचपी५ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. पाणी तापलं की वेळ पाच मिनिटांखाली उतरते आणि फिल्म पट्ट्यापट्ट्यांची धुतली जाण्याचा धोका वाढतो. डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरा, म्हणजे २० अंशांना १३ मिनिटं मिळतात. थोडं गरम असलं तरी हाताशी वेळ राहते. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या एकाच टबात ठेवा. डेव्हलपर थंड आणि धुण्याचं पाणी कोमट असं झालं तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात.

फ्रिजमधला रोल बाहेर काढल्याबरोबर डबी उघडू नका, दोन तास तरी जाऊ द्या. एसी लोकलमधून फलाटावर उतरल्यावर धुरकटलेली लेन्सही शर्टाने पुसू नये, आपोआप निवळते. पावसाळ्यात चामड्याची केस माळ्यावर टाका, बुरशीला तीच फार आवडते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते भाजून पुन्हा वापरा.