मोठ्या संख्या अंकांत लिहिताना या चुका टाळा

‘पाच कोटी तीन हजार’ ही रक्कम अंकांत लिहायला सांगितली, तर ५,०३,००० किंवा ५,०३,००,००० अशी उत्तरे सर्रास मिळतात. बरोबर उत्तर ५,००,०३,००० आहे. बोलताना रिकाम्या स्थानाचा उच्चार होत नाही, म्हणून लिहितानाही ते स्थान गळते आणि रक्कम शंभरपटीने घटते. किंवा शून्यांची एकूण संख्या आठवून ती शेवटी जोडली जातात आणि तीन हजारांचे तीन लाख होतात. त्यामुळे शून्ये मोजत बसू नये, घरे आखावीत. उजवीकडून पहिले घर तीन अंकांचे, त्यानंतर हजारांचे आणि लाखांचे प्रत्येकी दोन अंकांचे, आणि उरलेले सर्व अंक कोटींचे. हजारांच्या घरात ‘तीन’ असतील तर तेथे ०३ लिहावे, लाख नसतील तर ००.

स्वल्पविरामाची चूकही याच घरांशी निगडित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती; इंग्रजी अहवालांत हीच संख्या ११२,३७४,३३३ अशी दिसते. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण एकाच तक्त्यात त्या मिसळल्या की वाचणारा हमखास चुकतो. दुसऱ्या पद्धतीतील संख्या मराठीत वाचायची असल्यास आधीचे स्वल्पविराम पूर्णपणे काढून टाकावेत आणि उजवीकडून नव्याने द्यावेत. जर्मनीसारख्या देशांत तर हजार वेगळे करायला टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून तेथील कागदावरचे १.२५० म्हणजे सव्वा नव्हे, साडेबाराशे असतात.

दशांश चिन्हाची चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती डोळ्यांना खटकत नाही. ‘एक कोटी पाच लाख’ म्हणजे १.०५ कोटी, १.५ कोटी म्हणजे दीड कोटी. फरक ४५ लाखांचा पडतो. एका कोटीत शंभर लाख असल्यामुळे लाखांचा आकडा दशांश चिन्हापुढे नेहमी दोन अंकीच लिहावा. तोंडी व्यवहारात आपल्याकडे सव्वा, पावणेदोन, अडीच असे नेमके शब्द आहेत, त्यांचा पडताळ्यासाठी उपयोग करावा: सव्वा कोटी १,२५,००,०००, तर पावणेदोन कोटी १,७५,००,०००. रक्कम कोणी सांगत असेल आणि आपण टिपून घेत असू, तर ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘सहा-नऊ’ असे सुटे अंक विचारून घेतलेले बरे. धनादेशावर अक्षरी आणि अंकी रकमांत तफावत असल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते, तरी प्रत्यक्षात बँक असा धनादेश परत करू शकते.

मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी अर्थात एक अब्ज, आणि ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. बातम्यांच्या भाषांतरात बिलियनला कोटी समजण्याची चूक वारंवार दिसते. जुन्या ब्रिटिश मजकुरात आणखी एक अडचण येते: तेथे बिलियन म्हणजे लाख कोटी असे, आणि ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये आजचा अर्थ स्वीकारला. जर्मन भाषेत मात्र तो जुना अर्थ अजूनही कायम आहे. ‘खर्व’ हा शब्द टाळावा, कारण भास्कराचार्यांच्या लीलावतीत तो दहा अब्जांसाठी येतो, तर हिंदीतील ‘खरब’ शंभर अब्जांचा असतो. ‘लाख कोटी’ ऐकायला बोजड असले तरी नि:संदिग्ध आहे, कारण तो सरळ गुणाकार आहे: लाखाची पाच शून्ये आणि कोटीची सात मिळून बारा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो आणि वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद असतात, म्हणून एक प्रकाशवर्ष साधारण ९.४५ लाख कोटी किलोमीटर भरते. अशा संख्या घातांकात लिहून संदेशात पाठवल्यास वर चढवलेला अंक खाली उतरतो आणि दहाचा सातवा घात १०७ होऊन बसतो; तेथे शब्दच वापरावेत.

संगणकावर एक्सेलमध्ये बारा अंकी आधार क्रमांक टाकला की तो ‘ई+११’ अशा रूपात दिसतो. तेथे केवळ रूप बदललेले असते, अंक शाबूत असतात. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचे तसे नाही: एक्सेल पंधराच अंक अचूक ठेवते, सोळाव्याच्या जागी शून्य येते आणि नंतर रकाना मजकूर स्वरूपात बदलूनही तो अंक परत मिळत नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही अशीच उडतात. ज्यांची बेरीज कधीच करायची नसते असे हे क्रमांक संख्या म्हणून भरू नयेत. रकान्याचे स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ करावे, मगच भरायला सुरुवात करावी, आणि त्यांत स्वल्पविराम देऊ नयेत.