कारच्या एसीचा कंप्रेसर: खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर बदलायचा कसा

एसीतून गरम वारा आला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘कंप्रेसर गेला.’ पुष्कळदा तो गेलेला नसतो. पुढचा मॅग्नेट क्लच (वीज मिळाली की चकती ओढून कंप्रेसरला पुलीशी जोडणारा भाग), एखादा रिले किंवा गळून गेलेला गॅस, यांतलं काहीतरी कारण निघतं. आणि खरोखर गेला असेल, तर तो कशाने गेला हे न शोधता नवा बसवला की नवाही त्याच वाटेने जातो.

इथली माहिती बेल्टवर फिरणाऱ्या, क्लचच्या, आर-१३४ए गॅसवरच्या कंप्रेसरची आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंप्रेसरला शेकडो व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्याचं तेलही वेगळं असतं. त्याला घरी हात लावू नका.

सुरुवात डोळ्यांनी करा. इंजिन चालू, एसी चालू. पुली कायम फिरतेच; तिच्या पुढची चकती तिच्याबरोबर फिरते का ते बघा. फिरत नसेल तर फ्यूज तपासा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा. मग क्लचच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते मीटरने मोजा. व्होल्ट येतात पण क्लच ओढत नाही, तर इंजिन बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स घ्या. साधारण ३ ते ५ ओहम आला तर कॉइल ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळलेली. व्होल्टच येत नसतील तर बहुधा गॅस कमी होऊन प्रेशर स्विचने कंप्रेसर रोखून धरलाय. तो स्विच वायरने जोडून कंप्रेसर जबरदस्तीने चालवू नका. तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि कंप्रेसर काही मिनिटांत जाम होऊ शकतो.

एक लक्षण हमखास फसवतं: अर्धा तास छान थंड, मग गरम, गाडी थोडी थांबली की पुन्हा थंड. इथे कंप्रेसर नाही, क्लचची फट दोषी असते. चकती झिजून फट वाढते, तापल्यावर कॉइलचा जोर कमी होतो आणि चकती ओढली जात नाही. इंजिन बंद ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी फट मोजा. बहुतेक क्लचमध्ये ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर मधला नट खोलून चकती काढा, शाफ्टवरची एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) कमी करा आणि पुन्हा मोजा. यासाठी गॅस काढावा लागत नाही.

आवाजाचंही असंच. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचा बेअरिंग गेलाय, तोही सुटा मिळतो. एसी लावल्यावरच खडखड येत असेल तर दोष आत आहे.

आता गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारे मीटर लावा. इंजिन बंद आणि हवा ३० अंश असेल तर दोन्ही बाजूंना (कंप्रेसरकडे येणारी कमी दाबाची लो साइड आणि तिथून पुढे जाणारी जास्त दाबाची हाय साइड) साधारण ९५ पीएसआय दिसतो. यावरून गॅस किती आहे हे मात्र कळत नाही; आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी दाब तापमानाप्रमाणेच राहतो. इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून, ३५ अंशांच्या हवेत लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० च्या आसपास हवी. क्लच ओढतोय, गॅस पुरेसा आहे, तरीही लो साइड चढलेली आणि हाय साइड पडलेली असेल, तर कंप्रेसर दाब तयारच करत नाही. तो गेला.

बदलायला सुरुवात करण्याआधी गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. द्रव गॅस त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाला तर गोठवून इजा करतो, म्हणून गॉगल आणि हातमोजे घाला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, बेल्ट सैल करा, पाइपांचे बोल्ट खोला आणि उघडी तोंडं लगेच बंद करा. कंप्रेसरचं पीएजी तेल हवेतला ओलावा भराभर शोषतं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पाइप रात्रभर उघडे ठेवणं म्हणजे आत पाणी भरण्यासारखंच.

काढलेल्या कंप्रेसरमधलं तेल मापाच्या भांड्यात ओता. ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते, आणि खरं उत्तर इथेच मिळतं. तेल स्वच्छ असेल तर बिघाड कंप्रेसरपुरताच. काळं असेल किंवा त्यात चांदीसारखी चमक असेल तर आतला धातू झिजून पुढे कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीत) गेलाय. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंगने तो कचरा पूर्ण निघत नाही. अशा वेळी कंडेन्सर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवाच घाला, बाकीचे पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करा. ओलावा शोषणारा ड्रायर तर दरवेळी नवा. कंडेन्सर वाचवून नवा कंप्रेसर घालणं ही बचत नव्हे.

नव्या कंप्रेसरचा पहिला मारेकरी हा कचरा, दुसरा कंडेन्सरचा पंखा. तो बंद असेल तर सिग्नलला उभ्या गाडीत हाय साइड ३०० च्या वर जाते. भेसळीचा गॅस आणि गळती बुजवणारी रसायनं हे तिसरं कारण.

तेलाचा हिशेब असा. नव्या कंप्रेसरमध्ये १२० मिलि भरून आलंय आणि जुन्यातून ७० निघालं, तर नव्यातलं काढून त्यात सुमारे ८० ठेवा. ड्रायर बदलला तर १० आणि कंडेन्सरसाठी २० ते ३० मिलि वाढवा. गळतीमुळे जुन्यात तेल फारच कमी उरलं असेल किंवा सगळी सिस्टिम फ्लश केली असेल, तर मॅन्युअलमधला आकडा धरा. तेल जास्त झालं तर कूलिंग घटतं. ग्रेड (पीएजी ४६ की १००) कंप्रेसरवरच्या लेबलप्रमाणेच घ्या.

सर्व ओ-रिंग नव्या, त्याच तेलात बुडवून बसवा. बोल्ट आधी हाताने लावा, पुली बेल्टच्या रेषेत आहे ना ते बघून मगच आवळा. चकती हाताने दहा वेळा फिरवा, म्हणजे साचलेलं तेल सिलिंडरमध्ये अडकणार नाही.

पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम किमान ३० ते ४५ मिनिटं, मग पंप बंद करून २० मिनिटं काटा हलतो का ते पाहा. मुंबईत काटा २९ इंचांपलीकडे जायला हवा. पुण्यात उंचीमुळे २८ च्या आसपासच थांबतो, तिथे पंपाला दोष देऊ नका.

गॅस वजनानेच भरा. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये असतो. सुरुवातीचा गॅस इंजिन बंद असताना, उरलेला इंजिन चालू करून लो साइडने, डबा सरळ धरून. उलटा धरला तर द्रव थेट कंप्रेसरमध्ये जातो. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह कधीही उघडू नका, डबा फुटू शकतो. पहिली पाच मिनिटं आयडलवरच, रेस नाही.

मधल्या जाळीत थर्मामीटर लावा; रिसर्क्युलेशनवर ६ ते १० अंश आले की काम झालं. मग सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपणं आठवणीने घट्ट बसवा. आतली पिन ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखीच असते आणि हळूहळू झिरपते. तो गॅस टोपणातली रिंगच अडवते.