दुखवट्याचं परिपत्रक आणि सांत्वनाचं पत्र: कार्यालयात नव्याने लागलेल्यांसाठी

शाळा, कॉलेज, पतसंस्था, कुठेही लागा. शोकसंदेश, शोकठराव आणि दुखवट्याची परिपत्रकं हमखास सर्वांत नव्या माणसाच्या टेबलावर येतात. सोबत सूचना एकच, "मागची फाइल बघ." त्या फायलीच्या भरवशावर मी बरेच दिवस चाचपडत काढले. विचारायला माणूस नव्हता आणि विषय असा की चूक झाली तर थेट कुणाच्या तरी दुःखावर पाय पडतो. ती धास्ती अजून आठवते.

आधी परिपत्रक. दुखवटा म्हणजे सुट्टी नव्हे. डॉ. मनमोहन सिंग गेले तेव्हा 26 डिसेंबर 2024 ते 1 जानेवारी 2025 असा सात दिवसांचा दुखवटा होता, सात दिवसांची सुट्टी नव्हती. लतादीदींच्या वेळी दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. महाराष्ट्रात 7 फेब्रुवारी 2022 ची सार्वजनिक सुट्टी राज्य शासनाने वेगळी जाहीर केली होती. सुट्टीच्या अधिसूचनेत 'परक्राम्य संलेख अधिनियम, 1881' (ज्या कायद्याखाली सार्वजनिक सुट्टी जाहीर होते तो) असा उल्लेख सहसा असतो. तो कागद हातात येईपर्यंत कुणालाही "उद्या बंद" सांगू नका, मग व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरत असो.

आता ज्या जागी मी अडकलो ती: झेंडा. परिपत्रकात साधारण असं वाक्य असतं की 'ज्या इमारतींवर राष्ट्रध्वज नियमितपणे फडकवला जातो, त्या इमारतींवर तो अर्ध्यावर उतरवावा.' सगळा जीव त्या 'नियमितपणे' मध्ये आहे. तुमच्या संस्थेत झेंडा फक्त 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लागत असेल, तर हे वाक्य तुमच्यासाठी नाही. कपाटातून झेंडा काढून मुद्दाम अर्ध्यावर लावायचा नाही. रोज लागत असेल तर तो आधी टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच खाली घ्यायचा. शिपाई थेट अर्ध्यापर्यंत ओढून दोरी बांधतो, म्हणून स्वतः खांबापाशी उभे राहा.

याच्याही पुढची अडचण. संस्थापक किंवा माजी अध्यक्ष गेले की एखादे विश्वस्त कळवळून म्हणतात, "आज आपला झेंडा अर्ध्यावर घ्या." घेता येत नाही. शासनाच्या सूचनेशिवाय राष्ट्रध्वज अर्ध्यावर ठेवणं हा 1971 च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विश्वस्त कितीही मोठे असोत, नम्रपणे नाही म्हणा. संस्थेचा स्वतःचा ध्वज असेल तर तो खुशाल उतरवा, शोकसभा घ्या, ठराव करा. नकार देताना हात थरथरतील. कायदा दाखवलात की कुणी रागावत नाही.

अधिसूचनेतल्या 'ज्याअर्थी, ज्याअर्थी' या परिच्छेदांना घाबरू नका. ती कारणं असतात. 'त्याअर्थी, आता' पासून हुकूम सुरू होतो. पेन्सिल तिथे ठेवा आणि मग मागे जा.

सांत्वनाच्या पत्राला मात्र यातली भाषा लावू नका. 'भरून न येणारी पोकळी' आणि 'क्रूर काळाने घाला घातला' ही वाक्यं घरच्यांनी त्या आठवड्यात पन्नासदा वाचलेली असतात. जुन्या पत्रात नाव बदलून पाठवणं तर मला सरळ अपमान वाटतो. त्यापेक्षा गेलेल्या माणसाबरोबर काम केलेल्या कुणाला तरी फोन करा आणि एक गोष्ट मागून घ्या. ग्रंथपाल गेले असतील तर एवढं पुरे: 'नवं पुस्तक आलं की सर आधी त्याला खाकी कव्हर घालत आणि मगच नोंद करत. ती कव्हरं अजून आमच्या कपाटात आहेत.' पाच-सहा ओळींत पत्र संपवा.

बाकी रिवाज. वर 'श्री' घालत नाहीत, 'स. न. वि. वि.' लिहीत नाहीत. 'कै.' सगळ्यांना चालत नाही; 'दिवंगत' कुठेही चालतं. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' हे बौद्ध घरात पाठवू नका, तिथे 'विनम्र अभिवादन' लिहा. पत्नीच्या नावामागे 'गं. भा.' लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे. 'श्रीमती' लिहा, वरिष्ठ काहीही म्हणोत.

नाव आणि नातं मात्र दोनदा विचारून घ्या. धाकट्या भावाला मुलगा लिहिलेलं पत्र कुणी विसरत नाही. मजकूर टाइप केलेला चालेल, सही आणि नावाची ओळ अध्यक्षांच्या हातची हवी. आणि पत्र तेराव्याच्या आत पोचलं पाहिजे; पोस्टाचा भरवसा नसेल तर कुणाच्या तरी हाती घरी पोचतं करा.