गार्ड व्हायचंय? आधी हाक मारायला शिका

आमच्या फोंड्यात मुलांच्या हाती चेंडू आला की तो पायाकडेच जातो. फुटबॉल गोव्याचा राज्य खेळ, त्यात नवल नाही. मी आठवीत बास्केटबॉलकडे वळलो तेव्हा उंची बेताची होती. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "तू गार्ड." गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा. उंची नाही म्हणून उरलेली जागा दिली, असं मला वाटलं आणि ते बरीच वर्षं सलत राहिलं. आता चोविसाव्या वर्षी, कराराने दोन हंगाम खेळून झाल्यावर, गोव्यातून या वाटेवर येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

सुरुवात डाव्या हातापासून करा. गार्डचा डावा हात कच्चा असेल तर समोरचा दोन मिनिटांत ओळखतो आणि मग सामनाभर त्याच बाजूला ढकलतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर उघडी मैदानं शेवाळतात, तिथे पाय ठेवू नका. मी ते चार महिने घरच्या सोप्यावर काढायचो. डाव्या हाताने बास्केटबॉल आपटायचा आणि उजव्याने टेनिसचा चेंडू उडवून झेलायचा. नजर वरच्या चेंडूवर, त्यामुळे खाली बघायची सवय आपोआप सुटते. आजी दुपारची पडायची, म्हणून सराव सकाळी सहाला.

पण हात तयार झाला म्हणजे गार्ड तयार झाला, हा माझा मोठा गैरसमज. तो मोडला अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत. समोरच्या संघाने पूर्ण मैदानावर प्रेस लावला, म्हणजे आमच्याच टोकापासून अंगावर येऊन अडवायला लागले. आठ सेकंदांत चेंडू अर्धी रेषा ओलांडून न्यायचा असतो. मी कडेने पळालो, रेषेपाशी दोघांनी मला कोपऱ्यात गाठलं, चेंडू गेला. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्यांदा तेच. सरांनी मला बाहेर बोलावून शेजारी बसवलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तू कुणाला हाक मारलीस?"

कुणालाच नाही. आमचा सेंटर, म्हणजे संघातला उंच खेळाडू, तिन्ही वेळा मधल्या वर्तुळात हात वर करून मोकळा उभा होता.

घरात मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, असं आपलं वळण. मैदानावर ते बाजूला ठेवावं लागतं. गार्डने बचावात मागून येणारा स्क्रीन, म्हणजे वाट अडवायला उभा राहणारा खेळाडू, ओरडून सांगायचा, स्विच, म्हणजे कुणी कुणाला धरायचं याची अदलाबदल, सांगायचा, घड्याळाच्या २४ सेकंदांतले किती उरले ते सांगायचं. हे मी आरशासमोर नाही, कदंब बसच्या थांब्यावर मित्रांना लांबून हाका मारून शिकलो. पुढे संघात पंजाबचे, तामिळनाडूचे खेळाडू भेटले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या सेंटरला नावाने हाक मारायला जीभ वळेना, तर त्यानेच सांगितलं, "पाजी बोल, लेकिन ज़ोर से." तेव्हापासून "पाजी, लेफ्ट!" एवढे दोन शब्द पुरले.

उंचीबद्दल सगळे विचारतात. पाच फूट तीन इंचांचा मगसी बोग्ज अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये १४ हंगाम खेळला, हे खरं. पण त्याच्याकडे बोट दाखवून उंचीचा प्रश्न सुटला असं समजू नका, कमी उंचीच्या गार्डला पायाचा वेग दुप्पट लागतो. आपल्या मुलांनी अभ्यासावा असा गार्ड म्हणजे वाराणसीचा विशेष भृगुवंशी. ओएनजीसीत नोकरी, भारताचं कर्णधारपद, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड संघाशी करार, २०२० चा अर्जुन पुरस्कार. त्यातली नोकरी नीट लक्षात घ्या.

कारण आपल्याकडे लीगच्या भरवशावर घर चालत नाही. यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ला सुरू झाली, २०१७ नंतर थांबली. आयएनबीएल ही दुसरी लीग २०२२ला आली. हंगाम थोडक्या दिवसांचा असतो. बहुतेकांचं पोट भरतं ते रेल्वे, सेनादल, पोलीस, बँक अशा ठिकाणच्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीवर. तिथे राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि शिक्षण दोन्ही बघतात. सोळा आणि अठरा वर्षांखालच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं फाईलला लावा, जन्मदाखला आणि आधारवरची तारीख जुळते का तेही आजच बघा. पदवी सोडू नका.

करार हाती आला की दुखापतीचा खर्च कोण करणार हे आधी वाचा. माझा घोटा दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मुरगळला. हंगाम संपला तसा करारही संपला, एमआरआयचे पैसे बाबांनी भरले. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, म्हणूनच ते अजून बोचतं. घोट्याचे व्यायाम रोज करा. एका पायावर, डोळे मिटून, दात घासताना उभं राहिलात तरी चालेल.

गोव्यात दहा जण एका वेळी जमणं कठीण जातं, म्हणून थ्री-बाय-थ्री, म्हणजे तिघांविरुद्ध तिघांचं बास्केटबॉल, जरूर खेळा. संघात राखीव धरून चौघेच, अर्धं मैदान, दहा मिनिटं किंवा २१ गुण, फटक्यासाठी १२ सेकंद. शिवाय प्रशिक्षकाला बाकावरून सूचना देता येत नाहीत. बोलायचं ते तुम्हालाच.

गणपतीची चवथ झाली, पाऊस ओसरला की मी रविवारी सकाळी जुन्या मैदानावर असतो. आधी सगळे मिळून खराट्याने शेवाळ काढतो. मग नवीन आलेल्याला चेंडू देण्याआधी मी बाकीच्यांची नावं विचारायला पाठवतो.