समोर फोर्स ऑफ विल असताना स्टॉर्म कसा खेळावा

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या लेगसी प्रकारात स्टॉर्म डेक, म्हणजे एकाच टर्नमध्ये मंत्रांची माळ लावून ('फुटून') डाव संपवणारा पत्त्यांचा संच, घेऊन उतरणाऱ्या नवख्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "जितक्या लवकर फुटेल तितकं बरं". फोर्स ऑफ विलसारखे काउंटर, म्हणजे तुमचा मंत्र रद्द करणारे पत्ते, बाळगणाऱ्या निळ्या डेकसमोर हे ऐकलंत तर दुसऱ्याच टर्नला हात रिकामा करून बसाल.

डेक बांधलेला आहे आणि डार्क रिच्युअल, लायन्स आय डायमंड (दोन्ही मॅना, म्हणजे मंत्रांची किंमत चुकवायची ऊर्जा, देणारे), इन्फर्नल ट्यूटर (डेकमधून पत्ता शोधणारा), टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी (शेवटचा घाव घालणारा) ही साखळी पाठ आहे असं धरतो. सुरुवातीच्या ७ पत्त्यांत ड्युरेस, थॉटसीझ (समोरच्याचा हात बघून त्यातला पत्ता टाकायला लावणारे), ब्रेनस्टॉर्म, पाँडर (हवे ते पत्ते शोधायला मदत करणारे) यांपैकी एकही नसेल तर निळ्यासमोर तो हात ठेवू नका. समोरचाच थॉटसीझ मारत असेल तर ब्रेनस्टॉर्म आधी वापरून टाकू नका. त्याच्या थॉटसीझला उत्तर म्हणून खेळा आणि कळीचे दोन पत्ते डेकवर लपवा. डेझ या काउंटरसाठी एक मॅना हातचा राखा, तो दिला की डेझ टळतो. बस.

आता खरी अडचण. ट्यूटर हवा तो पत्ता तेव्हाच आणतो, जेव्हा तो लागू होताना तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून ट्यूटर खेळायचा आणि तो स्टॅकवर (लागू व्हायची वाट बघत) असतानाच, समोरच्याला बोलायची संधी देण्याआधी, डायमंड फोडायचा: हात जातो, तीन मॅना मिळतात. म्हणजे त्याच्याकडे काउंटर आहे की नाही हे कळण्याआधीच तुम्ही सगळं पणाला लावलेलं असतं. थांबून बघतो म्हणालात आणि तो गप्प राहिला, तर ट्यूटर भरल्या हातानिशी लागू होतो आणि हातातल्याच एखाद्या पत्त्याची दुसरी प्रत घेऊन येतो.

माझे कित्येक डाव इथेच बुडाले. रिच्युअल टाकून समोरच्याला चुचकारायचं, त्याने त्यावर फोर्स खर्च केला की रान मोकळं, असं मला शिकवलेलं. कसलेला खेळाडू रिच्युअलकडे बघतही नाही. तो ट्यूटरची वाट बघत बसतो. एकदा दोन डायमंड फोडून ट्यूटरवर फोर्स खाल्ला आणि पुढचे चार टर्न डेकवरून एकेक पत्ता उचलत मार खात बसलो. आमिष दाखवण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचा हात बघा.

तो कधी बघायचा यावर माझं मत पक्कं आहे: ड्युरेस पहिल्या टर्नला सवयीने मारू नका. समोरचा दर टर्नला पत्ता उचलतो, त्याच्याकडेही ब्रेनस्टॉर्म असतो. दोन टर्नांपूर्वी पाहिलेला हात शिळा झालेला असतो. ज्या टर्नला फुटायचं, त्याच टर्नची सुरुवात ड्युरेसने करा, म्हणजे तो स्टॉर्मच्या मोजणीतही धरला जातो (त्या टर्नला आधी जितके मंत्र, तितक्या स्टॉर्म मंत्राच्या जादा प्रती). अपवाद चॅलिस ऑफ द व्हॉइडचा. तो एकवर बसला, म्हणजे एक मॅनाचे मंत्र रद्द करू लागला, की रिच्युअल, ड्युरेस, ब्रेनस्टॉर्म सगळेच गारद. अशा डेकसमोर पहिल्याच टर्नला ड्युरेस मारून चॅलिस काढा.

हात दिसला की नुसता 'वाईट पत्ता कोणता' असं बघू नका. फोर्स फुकट खेळायचा तर एक जीव आणि दुसरा एक निळा पत्ता द्यावा लागतो. त्याच्या हातात दोन फोर्स आहेत आणि तिसरं निळं काही नाही? एक काढा. उरलेल्याला सोबत नाही, आणि पाच मॅना तर त्याच्याकडे नाहीतच. मी हे लक्षात न घेता दोन ड्युरेस येईपर्यंत थांबायचो, तेवढ्यात तो तिसरा निळा पत्ता उचलायचा.

टेंड्रिल्सची एक प्रत २ जीव घेते, म्हणजे समोरच्याच्या २० जीवांसाठी आधी ९ मंत्र हवेत. त्याने खेळलेला फोर्सही यात मोजला जातो, आणि काउंटर झालेला तुमचा मंत्रही. मूळ टेंड्रिल्स काउंटर झाला तरी प्रती राहतात. स्टायफल हा पत्ता मात्र स्टॉर्मचा ट्रिगरच, म्हणजे प्रती बनवणारी क्रियाच, मारतो, तेव्हा हात बघताना त्यालाही विसरू नका.

९ पर्यंत पोचणार नाही असं दिसलं तर एम्प्टी द वॉरेन्स (दर प्रतीमागे दोन गॉब्लिन देणारा स्टॉर्म मंत्र) चालवा. ५ मंत्रांनंतर १२ गॉब्लिन मिळतात, आणि काउंटर धरून बसलेल्या डेकला एवढे गॉब्लिन आवरायला बहुतेक वेळा वेळच मिळत नाही.